कबड्डी स्पर्धेला प्रायोजक कसा मिळवायचा? (आणि मिळाला तर टिकवायचा कसा?)

निदानरेषा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमचं मंडळ रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठच्या गावातलं. दर थंडीत प्रकाशझोतातली जिल्हास्तरीय स्पर्धा भरवतो. यंदा बैठक बसली ती स्पर्धा घ्यायची की नाही इथूनच. कारण नेहमीचंच. आजवर खर्चाचा मोठा भाग एक बांधकाम व्यावसायिक आणि दोन पुढारी उचलायचे. बांधकामवाल्याचे फ्लॅट विकून झाले, आता आमच्या गावात बॅनर लावून त्याला काय मिळणार? पुढाऱ्यांचं म्हणाल तर निवडणुका आटोपल्या. चषकाला नाव द्यायला दोघेही तयार आहेत, पैशाचा विषय निघाला की "बघू, करू काहीतरी".

ज्यांनी कधी स्पर्धा भरवली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पैसा कुठे जातो. मैदानावर माती टाकून रोलर फिरवायचा, किंवा मॅट भाड्याने आणायची. लाइटचे टॉवर, लाइट गेली तर जनरेटर. प्रेक्षकांची गॅलरी. पंच आणि गुणलेखकांचं मानधन, जिल्हा असोसिएशनची फी. लांबून आलेल्या संघांचं जेवण आणि रात्रीची झोपायची सोय. रुग्णवाहिका. बक्षिसं, चषक. आणि पाहुण्यांच्या शाली, श्रीफळ, स्मृतिचिन्हं. या शेवटच्या खात्यावर काय खर्च होतो ते लिहीत नाही, आमचे अध्यक्ष इथे वाचनमात्र असतात.

दुसरीकडे टीव्हीवर काय चाललंय ते आपण बघतोच. २०१४ ला प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ ला पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली. स्टारने २०१५ ला लीगची मालकी असलेल्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला, २०१७ ला विवो शीर्षक प्रायोजक म्हणून पाच वर्षांसाठी आला, त्याच वर्षी संघ आठाचे बारा झाले. खेळात पैसा आहे हे उघड आहे. मग जिथे पोरगा पहिली चढाई करायला शिकतो तिथपर्यंत त्यातला काही यावा, यासाठी कोणी काही केलंय का? तुमच्या मंडळांचे अनुभव लिहा. "लोकांना खेळाची कदर नाही" छाप प्रतिसाद नकोत, ते आम्ही बैठकीत भरपूर ऐकलेत.

---

तिसरी_चढाई

चांगला विषय. वाचतोय. पुणेरी पलटण (प्रो कबड्डीतला पुण्याचा संघ) फायनलला हरल्यापासून कबड्डीवर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण असो.

---

ब्रँडबाजा

मी जाहिरात क्षेत्रात आहे, दोन-तीन खेळांच्या प्रायोजकत्वाचे करार जवळून पाहिलेत. थोडं रोखठोक लिहितो, राग मानू नका.

लीगला पैसा मिळतो तो लीग टीव्हीवर आहे म्हणून. २०२१ ला पाच हंगामांचे प्रसारण हक्क ९०८ कोटींना गेले, म्हणजे हंगामाला साधारण १८० कोटी. जाहिरातदार त्या पडद्यासाठी येतो, कबड्डीच्या प्रेमाने नाही. लीगच्या प्रायोजकांत टाटा मोटर्सची व्यावसायिक वाहनं का होती याचा विचार करा. छोटा टेम्पो घेणारा माणूस तालुक्याच्या गावात राहतो, आणि तो कबड्डी बघतो. सिमेंट, पाइप, पंखे, वायर, बनियन, सगळ्यांचं गणित हेच.

आता तुमच्याकडे या. तुमच्या मैदानावर तीन रात्री किती लोक येतात? कोण येतात? कुठून? हे आकडे तुमच्याकडे आहेत का? नसतील तर तुम्ही प्रायोजकत्व मागत नाही आहात, वर्गणी मागताय. वर्गणीत वाईट काही नाही, पण मग "कंपन्या का येत नाहीत" हा प्रश्न विचारू नका.

मोठ्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात पत्र पाठवणं बंद करा, ते कोणी उघडतही नाही. तुमच्या प्रेक्षकाला ज्याला काही विकायचंय असा माणूस तालुक्यातच असतो. दुचाकीचं शोरूम, पतसंस्था, अकरावी-बारावीचे क्लास, हाडांचा दवाखाना, हार्डवेअरचं दुकान, केबल-इंटरनेटवाला. त्याला 'मुख्य प्रायोजक' व्हायला सांगू नका, तेवढी त्याची ऐपत नसते. त्याला एक तुकडा द्या. तिसऱ्या चढाईची (दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची, करो या मरो) घोषणा त्याच्या नावाने. सुपर टॅकलचं (मैदानात तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीचं) बक्षीस त्याच्या नावाने. गुणफलक त्याचा. यूट्यूबवर लाइव्ह करत असाल तर पडद्याचा खालचा कोपरा त्याचा, तिथे किती लोकांनी पाहिलं हे तरी छापील मिळतं.

आणि कृपा करून पत्रात "आपल्यासारख्या दानशूर व्यक्तिमत्त्वाने" लिहू नका.

---

फाट्यावरचा

आमच्या गावातल्या गेल्या स्पर्धेचा फ्लेक्स अजून एसटी स्टँडजवळ आहे. वर नेत्यांचे फोटो, मध्ये मंडळाचे पदाधिकारी, खाली 'शुभेच्छुक' म्हणून वॉर्डातली सगळी पोरं गॉगल घालून. ज्या ट्रॅक्टरवाल्याने पैसे दिले त्याचं नाव सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात, बांबूच्या मागे. त्याने परत का द्यावेत?

---

निदानरेषा

@फाट्यावरचा, हाहा. आमचाही फ्लेक्स काही वेगळा नाही. चेहरे कमी करायचा ठराव बैठकीत आणला तर मंडळ फुटेल.

@ब्रँडबाजा, मुद्दे पटले. तुकड्या-तुकड्याने विकायची कल्पना आवडली.

---

डावा_कोपरा

ब्रँडबाजा यांचं खोटं नाही, पण ते ज्याला प्रायोजक म्हणतायत तो फार अलीकडचा प्राणी आहे. कबड्डीला आधी वेगळ्याच प्रायोजकाने जगवलं, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. लांबेल.

मी गिरणगावातला. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी या पट्ट्यात गल्लीगणिक संघ होता. संध्याकाळी पाळी सुटली की मैदान. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते, त्यांच्या स्पर्धा व्हायच्या. ८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण ती पद्धत गेली नाही. ती जागा रेल्वे, बँका, पेट्रोलियम कंपन्या, पोर्ट ट्रस्ट, बेस्ट, पोलीस, एअर इंडिया, महिंद्र यांनी घेतली. मुंबईच्या स्पर्धेत स्थानिक गट वेगळा आणि व्यावसायिक गट वेगळा असायचा, अजूनही असतो. व्यावसायिक गटात हे सगळे उतरायचे.

या कंपन्या काय द्यायच्या? नोकरी. पोरगा विशीत चांगला खेळला की कोणीतरी अधिकारी मैदानाच्या कडेला उभा राहून बघायचा, महिन्या-दोन महिन्यांत चाचणीला बोलावणं यायचं. आधी कंत्राटी, मग कायम. सकाळी सरावाची सवलत, स्पर्धेला रजा, पाय मोडला तर कंपनीचा दवाखाना. आणि खेळ संपल्यावर, हे सगळ्यात महत्त्वाचं, तिशी-पस्तिशीत खेळ संपल्यावरही नोकरी तशीच. त्याच नोकरीवर लोकांनी घरं घेतली, पोरांना शिकवलं. घरचे "कबड्डी खेळून पोट भरणार आहे का" असं विचारायचे, त्यांचं तोंड बंद करायला हे एक उत्तर पुरायचं.

मीसुद्धा असाच लागलो. कुठे ते सांगत नाही. संघात डावा कोपरा, ऑफिसात आवक-जावक.

त्या कंपनीला जाहिरात म्हणून काय मिळत होतं? बनियनवर नाव. दुसऱ्या दिवशी पेपरात खेळाच्या पानावर चार ओळी. आजच्या हिशेबाने कवडीचाही फायदा नाही. तरी पन्नासेक वर्षं त्यांनी हा खेळ सांभाळला.

आता बघा. देना बँक २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात गेली. एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली, खाजगी झाली. बऱ्याच ठिकाणी खेळाडूंची भरती कमी झाली आहे, जी होते ती कंत्राटावर, शिष्यवृत्तीवर. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्र लागतं, पडताळणी लागते, आणि खोट्या प्रमाणपत्रांच्या भानगडींनी खऱ्या पोरांचीही फाइल लटकते.

लीग आली याचा मला आनंदच आहे. पण लीगमध्ये एका संघाने खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा पाच कोटी. संघ बारा. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस जण. म्हणजे देशभरातून तीनशेच्या आत पोरं. त्यात महाराष्ट्रातली किती? बाकीच्यांनी काय करायचं? पूर्वी एकट्या मुंबईच्या व्यावसायिक गटात किती पोरांची आयुष्यं मार्गी लागत होती ते मोजा. प्रायोजक शोधायचाच असेल तर नोकरी देणारा शोधा.

---

तांबडा_रस्सा

डावा कोपरा, प्रतिसाद फार आवडला. पण लीगने काहीच दिलं नाही असं नका म्हणू. आमच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१९ ला १ कोटी ४५ लाखांना गेला. त्यानंतर आमच्याकडे गावागावांत सकाळी पाचला पोरं पळायला लागली. लीगमध्ये शेवटच्या श्रेणीची मूळ किंमतच आता नऊ लाख आहे. आमच्याकडच्या पोराला अडीच-तीन महिन्यांत नऊ लाख कोण देतं?

---

डावा_कोपरा

कोणीच देत नाही, मान्य. पुढच्या हंगामात घेतलं नाही तर? गुडघा गेला तर? सकाळी पाचला पळणाऱ्या पोरांपैकी बाकीच्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

---

ब्रँडबाजा

@डावा_कोपरा, मनापासून लिहिलंय, पण ते दिवस परत येणार नाहीत. त्या सगळ्या सरकारी किंवा जुन्या घराण्यांच्या कंपन्या होत्या, कोणाला तिमाहीचा हिशेब द्यायचा नव्हता. आजच्या कंपनीत आवक-जावकच उरलेली नाही, खेळाडूला बसवणार कुठे?

---

डावा_कोपरा

गोदाम आहे, सुरक्षा विभाग आहे, कारखान्यात शंभर कामं आहेत. बसवायचं असेल तर जागा निघते. आणि एक विसरू नका, प्रो कबड्डी उभी करणाऱ्यांत आनंद महिंद्र होते, चारू शर्मांच्या जोडीने. ज्या कंपनीचा संघ मुंबईच्या मैदानांवर खेळला तिथूनच पुढे लीगची कल्पना आली. असंच हवेतून झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

---

हिशेबनीस

पेशाने सीए. इथे कोणीतरी सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) काढणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो, कारण त्याबद्दल मंडळांमध्ये भयंकर गैरसमज आहेत.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कशावर करायचे त्याची यादी परिशिष्ट ७ मध्ये आहे, आणि त्यात खेळ आहे. पण शब्द नीट वाचा : ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्यासाठीचं *प्रशिक्षण*.

स्पर्धा त्यात बसवणं अवघड. एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर धरू नयेत असं २०१४ च्या परिपत्रकातच आहे, आणि २०२१ च्या नियमांनी जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सरळ वगळलं. म्हणजे तुमच्या तीन रात्रींच्या स्पर्धेत कंपनीचा बॅनर लावून ते पैसे सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत. कंपनीच्या माणसाला हे माहीत असतं, तुम्हाला नसतं, म्हणून तो गोड बोलून चहा पाजून पाठवतो.

मात्र वर्षभर चालणारं कुमार-किशोर गटाचं प्रशिक्षण, त्यासाठी मॅट, प्रशिक्षकाचं मानधन, खुराक, हे बसतं. कायद्यात असंही आहे की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. रायगडकरांना तर रोहा, महाड, पाताळगंगा, तळोजा असे कारखान्यांचे पट्टेच शेजारी आहेत. पण त्यासाठी मंडळाकडे पुढच्या गोष्टी हव्यात : धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मंडळाच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, लेखापरीक्षण, आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, त्यानंतर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांक (एप्रिल २०२१ पासून तो लागतोच), आणि मागच्या तीन वर्षांत अशा कामाचा अनुभव. दहातल्या नऊ मंडळांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. नोंदणी वडीलधाऱ्यांनी कधीतरी केलेली असते, विश्वस्तांतले अर्धे वारलेले असतात, आणि नवे विश्वस्त नोंदवायचा बदल अर्ज कोणी दिलेलाच नसतो.

ज्यांना इतकं झेपणार नाही त्यांनी साधा व्यवहार करा. शोरूमवाल्याकडून देणगी न मागता जाहिरात म्हणून पैसे घ्या आणि रीतसर पावती द्या. जाहिरात हा त्याच्या धंद्याचा खर्च, तो त्याला दाखवता येतो, तुमच्या ८०जीची त्याला गरजच नाही. रोख मात्र घेऊ नका. चेक किंवा मंडळाच्या खात्यावर यूपीआय. खजिनदाराच्या खाजगी नंबरवर नाही!

---

निदानरेषा

@हिशेबनीस, हा प्रतिसाद छापून मंडळाच्या कपाटाला चिकटवतोय. नोंदणी आहे आमची, बदल अर्जाचं तपासावं लागेल.

---

सायली_बोनस

इतके प्रतिसाद झाले आणि मुलींच्या कबड्डीचा एका शब्दाने उल्लेख नाही. आश्चर्य वाटलं नाही.

मी राज्य पातळीपर्यंत खेळले, आता लहान मुलींना शिकवते. प्रायोजकांचं आमच्या बाजूचं चित्र सांगते. २०१६ ला प्रो कबड्डीबरोबर महिलांचं चॅलेंज झालं. तीन संघ, फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आपली अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची कर्णधार. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने एका गुणाने जिंकला, २४-२३. याहून चुरशीचा सामना कोणाला हवा होता? पुढच्या वर्षी लीगचे संघ आठाचे बारा झाले आणि महिलांचं चॅलेंज परत झालंच नाही.

पैसा आला की काय होतं त्याचं एक उदाहरण मात्र आमच्याकडेही आहे. २०१२ ला पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी जाहीर केले. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या सरावाला मुली वाढल्या, आणि मुख्य म्हणजे घरचे स्वतः सोडायला यायला लागले. हे कोणत्याही बॅनरने झालं नसतं.

आता गावातल्या स्पर्धेचं. पुरुष गटाचं पहिलं बक्षीस आणि महिला गटाचं पहिलं बक्षीस यांत कायम दुप्पट-तिप्पट फरक. विचारलं की सांगतात "ताई, प्रायोजकच तसं म्हणाला". मी एकदा सरळ प्रायोजकाकडे गेले. सराफ होते. ते म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही, मी एकूण रक्कम दिली, वाटणी त्यांनी केली." त्या सराफांचं गिऱ्हाईक कोण? बायकाच ना? महिला गटाचं प्रायोजकत्व त्यांना वेगळं विकता आलं असतं. ब्रँडबाजा, हे तुमच्या गणितात बसतं की नाही?

आणि धागाकर्ते, तुमच्या खर्चाच्या यादीत मुलींना कपडे बदलायच्या खोलीचं नाव नाही. शाल-श्रीफळ आहे.

---

ब्रँडबाजा

@सायली_बोनस, शंभर टक्के बसतं. सराफ, साडीचं दुकान, सॅनिटरी पॅडच्या कंपनीचा जिल्ह्यातला वितरक, मुलींचं वसतिगृह असलेलं कॉलेज. महिला गट वेगळा विकला तर कदाचित पुरुष गटापेक्षा लवकर विकला जाईल, कारण तिथे गर्दी नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये जाहिरातदार हल्ली हे स्वतःहून विचारतात.

---

तिसरी_चढाई

कोणाचे पैसे घ्यायचे नाहीत यावरही बोला. गेली काही वर्षं खेळाडूंच्या जर्सीवर नावं बघा, निम्मी कुठल्यातरी 'न्यूज' संकेतस्थळाची. बातम्या नावाला, आत सट्टा. फँटसी खेळांचे ॲप तर सगळीकडेच, ड्रीम११ प्रो कबड्डीतही होतं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि २९ ला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू. आठवड्यावर हंगाम आला असताना सगळ्या खेळांमधला एक गब्बर जाहिरातदारच उठून गेला. एकाच धंद्यावर विसंबलं की असं होतं.

गावातही हेच. गुटख्याच्या वितरकाने आमच्या स्पर्धेला पाण्याच्या बाटल्या द्यायची तयारी दाखवली होती, त्या पाण्याचं नावही तेच, गुटख्याचं. पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातात ती बाटली. नको म्हटलं. तीन कार्यकर्ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

---

फाट्यावरचा

बोलत नाहीत तेच बरं, तोंडात गुटखा असेल.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, शाळेचा संघ मीच घेऊन जातो. आमच्यासाठी प्रायोजक म्हणजे कोण, तर ज्याने टेम्पो दिला तो. तालुक्याच्या स्पर्धेला बारा पोरं न्यायची, एसटीच्या वेळा जुळत नाहीत. एका भाजीवाल्याने दोन वर्षं आपला टेम्पो दिला, डिझेल आमचं. गेल्या वर्षी शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, तो पुण्यात नोकरीला आहे, पोरांना बूट घेऊन दिले. मातीवर अनवाणी खेळणारी पोरं पहिल्यांदा मॅटवर उतरली की पाय सटकतात, वळताना तोल जातो. चढाईत निम्मा वेळ पाय सांभाळण्यातच जातो, बोनस गुणासाठी रेषेपलीकडे पाय टाकायला भितात. शहरातली पोरं त्यांना पाच मिनिटांत लोण देतात (अख्खा संघ बाद करतात), आणि पालक म्हणतात आमच्या पोरात दम नाही. दम भरपूर आहे हो. आमच्या तालुक्यात मॅट एकाच ठिकाणी आहे, तीही क्रीडा संकुलाच्या कुलपात.

कोणाला खरंच काही द्यायचं असेल तर केंद्रातल्या पाच-सहा शाळांना मिळून एक मॅट द्या. त्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात छापा, आमची काही हरकत नाही, वर्षभर पोरं त्याच नावावर लोळतील.

---

हिशेबनीस

@खडूफळा, शाळांना मॅट आणि प्रशिक्षक हा मी वर लिहिलेल्या सीएसआरचा अगदी योग्य विषय आहे. फक्त नाव फार मोठं छापू नका म्हणावं त्यांना, लेखापरीक्षक विचारेल. मुख्याध्यापकांचं पत्र, शाळांची यादी, मुलामुलींची संख्या, मॅट कुठे ठेवणार, चावी कोणाकडे, एवढं दोन पानांत लिहा आणि जवळच्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात स्वतः जाऊन द्या.

---

तांबडा_रस्सा

आणखी एक अडचण कोणी काढली नाही. संघटना. मोठा प्रायोजक आधी विचारतो, तुमच्या खेळाची संघटना कोणाच्या ताब्यात आहे? राष्ट्रीय महासंघाची निवडणूक दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, कारभार कित्येक वर्षं प्रशासकाकडे होता. २०२५ च्या फेब्रुवारीत संघ आशियाई कबड्डी अजिंक्यपद स्पर्धेला पाठवता यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडून आलेल्यांकडे कारभार द्या. अशा घरात पैसा कोण ठेवेल? ओडिशा सरकारने २०१८ पासून हॉकीच्या दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं, हॉकी कुठे गेली बघा. कबड्डीला असं राज्य मिळालं तर महाराष्ट्रच मिळायला हवं. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला, १५ जुलैला, कबड्डी दिन साजरा करणारं राज्य आहे हे.

---

डावा_कोपरा

सरकार छत्रपती शिवाजी महाराज चषक घेतं, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आहेत. अगदी काहीच नाही असं नाही. पण स्पर्धा संपली की पोरगा परत घरी, हे माझं दुखणं तसंच राहतं.

---

निदानरेषा

काल बैठक झाली. थोडक्यात वृत्तांत.

स्पर्धा होणार. मुख्य प्रायोजक नाही. खर्च तोडून बारा तुकडे केले आणि प्रत्येक कार्यकर्त्याला दोन दुकानं वाटून दिली. मी आणि खजिनदार दुचाकीच्या शोरूमला गेलो. मालकाने आमचं पत्र वाचलंच नाही. म्हणाला, "पत्र राहू दे. गाडी मैदानाच्या कडेला उभी करायला जागा देणार का? माझा माणूस बसेल, लोकांचे नंबर घेईल." देणार म्हटलं. मग म्हणाला, "आणि अंतिम सामन्याच्या आधी भाषणं किती वेळ?" खजिनदार गप्प. मी म्हटलं वीस मिनिटं. "दहा करा, लोक उठून जातात, माझी गाडी कोण बघणार?" दहावर सौदा झाला. पैसे मंडळाच्या खात्यावर, पावती जाहिरातीची.

अध्यक्षांना दहा मिनिटांचं अजून सांगितलेलं नाही.

पतसंस्था गुणफलक घेतेय. त्यांना खाती उघडायचा टेबल मांडायचाय. हाडांच्या डॉक्टरांकडे पैसे मागितले नाहीत, तिन्ही रात्री फिजिओ मैदानावर बसवा म्हटलं, ते एका मिनिटात हो म्हणाले. @सायली_बोनस, महिला गट वेगळा काढलाय, त्यासाठी सराफ आणि एक साडीवाले यांच्याकडे आपल्याकडच्या दोन माजी खेळाडू मुली जाणार आहेत, आम्ही नाही. शाळेची खोली कपडे बदलायला मिळाली, कडी तुटकी होती ती बसवून घेतली. शाली यंदा पाचच.

@डावा_कोपरा, तुमचं डोक्यातून जात नव्हतं. एमआयडीसीतल्या तीन कारखान्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना उपांत्य फेरीला 'प्रमुख पाहुणे' म्हणून बोलावतोय. पैसे मागणार नाही. खेळाडूंची यादी देणार, वय, शिक्षण, आयटीआय झालाय का, यासकट. बघू कोणी थांबतं का.

---

डावा_कोपरा

थांबेल. त्यांना स्टेजवर बसवू नका, तिथून खेळ दिसत नाही, समोर फक्त हार आणि माइक दिसतो. कोपऱ्याच्या मागे, रेषेजवळ खुर्च्या टाका. आणि यादीत राखीव खेळाडूंचीही नावं घाला, ती कायम राहून जातात.

---

सायली_बोनस

मुलींचीही यादी देताय ना? कारखान्यात मुलीही लागतात.

---

निदानरेषा

देतोय. कालच्या मसुद्यात नव्हती, आता घालतो.

---

खडूफळा

हिशेबनीस, ते दोन पानांचं पत्र मी लिहायला घेतलंय. केंद्रातल्या चार शाळा तयार आहेत, पाचवीचे मुख्याध्यापक म्हणतात आधी वरून परवानगी आणा. चावी कोणाकडे ठेवायची यावरच अडलोय. मसुदा इथे टाकला तर बघाल का?

---

हिशेबनीस

टाका. शाळांची आणि माणसांची नावं काढून टाका. चावी ज्या शाळेला शिपाई आहे तिथे.